सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांतील शुश्रूषेचे स्वरूप

सुमित्रा भावे (१९४३-२०२१) यांच्या चित्रपटांचे वर्गीकरण सामान्यतः विषयानुसार केले जाते. ‘देवराई’ म्हणजे स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’ म्हणजे कोड, ‘अस्तु’ म्हणजे स्मृतिभ्रंश आणि ‘कासव’ म्हणजे नैराश्य. हे वर्गीकरण सोयीचे आहे. चर्चासत्रांसाठी तर विशेषच. मात्र त्यामुळे या चित्रपटांचा खरा केंद्रबिंदू दृष्टिआड होतो. तो केंद्रबिंदू रोग नसून शुश्रूषा करणारी व्यक्ती हा होय.

टाटा समाजविज्ञान संस्थेतील शिक्षण आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेतील अध्यापन ही भावे यांची पार्श्वभूमी. ‘बाई’ (१९८५) हा त्यांचा पहिला लघुपट वस्तीतील स्त्रियांच्या अभ्यासातून आकाराला आला व त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढील बहुतेक चित्रपट त्यांनी सुनील सुकथनकर यांच्यासमवेत दिग्दर्शित केले. ‘दोघी’ (१९९५) मध्ये लग्नाच्या दिवशीच वर अपघातात दगावल्याने गौरी अपशकुनी ठरते आणि मुंबईच्या वेश्यावस्तीत पोहोचते. तिने पाठविलेला पैसा घराला चालतो, तिचे येणे चालत नाही. जवळच्यांचे हे कोरडेपण भावे यांनी पुढे कधीच नजरेआड होऊ दिले नाही.

‘देवराई’ (२००४) मध्ये आजारी शेषला सांभाळताना सीनाची होणारी ओढाताण प्रत्ययकारी आहे. परंतु आजाराची माहिती देण्याची निकड येथे संवादांवर कुरघोडी करते. पात्रे बोलण्याऐवजी समजावून सांगू लागतात आणि दिग्दर्शिकेतील प्राध्यापिका जागी होते. हा दोष ‘प्रबोधनासाठी आवश्यक’ म्हणून क्षम्य ठरविणे कलाकृतीवर अन्याय करणारे आहे.

‘अस्तु’ मध्ये ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर झालेली दिसते. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्ती पाहून त्याच्यामागे चालू लागतात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पोहोचतात. मुलगी इरा त्यांना शोधत असते. तिच्याकडे प्रेम आहे, वैद्यकीय माहितीही आहे. पण वडील पूर्वी कोण होते ही आठवण तिच्या मार्गात उभी राहते. माहुताची कानडी बोलणारी पत्नी चन्नम्मा (अमृता सुभाष) हिला ते कोण आहेत हेच ठाऊक नाही. तिच्या दृष्टीने ते भुकेले, भांबावलेले लेकरू आहे. ते तिला ‘आई’ म्हणतात आणि तिला त्यात नवल वाटत नाही. आयुष्यभर ज्ञानाची उपासना केलेल्या माणसाला अखेर ज्ञान विचारणारे कोणी नको असते, ही या चित्रपटातील सर्वांत बोचरी जाणीव. मात्र चन्नम्माच्या वात्सल्याला दारिद्र्याच्या उदात्तीकरणाची किंचित किनार आहे, हेही नोंदविले पाहिजे.

राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळविणाऱ्या ‘कासव’ (२०१६) मध्ये जानकी (इरावती हर्षे) स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. अनोळखी तरुणाला ती घरी आणते, पण प्रश्न विचारीत नाही. ‘देवराई’तील विवेचनाची जागा येथे समुद्रकिनारा आणि मौन घेतात. दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवरील ‘दिठी’ (२०२१) हा भावे यांच्या निधनानंतर प्रदर्शित झालेला चित्रपट. त्यात तर रोगाला नावच उरत नाही. पुत्रशोकाने खचलेला रामजी (किशोर कदम) भर पावसात अडलेल्या गाईची सुटका करण्यासाठी जातो. येथे शुश्रूषेची गरज असलेला आणि शुश्रूषा करणारा, दोघेही तोच असतो.