तारखेने पाणी वाचते का? पंजाबच्या २००९ च्या भूजल कायद्याची चिकित्सा

पर्यावरणविषयक कोणताही कायदा वाचताना तीन प्रश्न विचारा. तो नेमके बंधन कशावर घालतो? त्याचे पालन कसे तपासतो? आणि कशाला हात लावत नाही? पंजाबचा २००९ चा भूजल संरक्षण कायदा या प्रश्नांवर घासून पाहू.

कायदा अगदी छोटा आहे. १० मेपूर्वी भाताची रोपे टाकायची नाहीत आणि १० जूनपूर्वी लावणी करायची नाही. अधिसूचना काढून या तारखा सरकारला बदलता येतात. उल्लंघन केल्यास हेक्टरी दरमहा १०,००० रुपये दंड. हरियाणानेही त्याच वर्षी असाच कायदा केला.

आधी त्याची जमेची बाजू पाहू. भाताच्या खाचरातले जे पाणी खाली मुरते, त्यातले बरेचसे पुन्हा भूजलात मिसळते. जे वाफ होऊन जाते, ते मात्र त्या साठ्याच्या हिशेबातून कायमचे वजा होते. मे-जूनच्या कोरड्या उन्हात बाष्पीभवन सर्वाधिक असते, म्हणून लावणी पावसाळ्याकडे ढकलणे शास्त्राला धरून आहे. तपासणीही सोपी आहे. मीटर लागत नाही. शेत हिरवे झाले आहे का, हे बांधावरून दिसते. अंमलात आणता येईल असा नियम करणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता उणीव. कायद्याने तारीख बांधली. भाताचे क्षेत्र आणि पाण्याचा उपसा मात्र मोकळा सोडला. इथे थोडे गणित करा. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला ९.८१ किलोज्यूल ऊर्जा लागते. एका हेक्टरला हंगामात एकूण एक मीटर उंचीचे, म्हणजे १०,००० घनमीटर पाणी दिले, पाण्याची पातळी २० मीटरवर आहे आणि पंपाची कार्यक्षमता ४० टक्के आहे असे धरा. वीज लागेल सुमारे १,३६० युनिट. पातळी ४० मीटरवर गेली की हाच आकडा दुप्पट होतो. पण पंजाबात शेतीपंपांची वीज १९९७ पासून, मधला थोडा काळ सोडला तर, मोफत आहे. शेतकऱ्याचे बिल दोन्ही वेळा शून्यच. पाणी खोल गेल्याचा इशारा त्याच्या खिशापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय भाताची हमीभावाने खात्रीची खरेदी होते, मग त्याने दुसरे पीक का घ्यावे? परिणामी २०२३ च्या केंद्रीय मूल्यांकनातही पंजाबचा उपसा वर्षाला उपसता येण्याजोग्या भूजलाच्या दीडपटीहून अधिकच होता.

दुसरा परिणाम हवेत दिसतो. लावणी उशिरा म्हणजे कापणीही उशिरा. गव्हाच्या पेरणीआधी हाती थोडेच दिवस उरतात आणि कंबाइन हार्वेस्टरने मागे सोडलेला पेंढा पेटवला जातो. पेंढा जाळण्याची प्रथा कायद्याच्या आधीपासूनची आहे, हे विसरू नका. कायद्याने तिचा काळ पुढे सरकवून नोव्हेंबरच्या थंड, स्थिर हवेत नेला. 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकातील २०१९ च्या अभ्यासाने हा संबंध दाखवून दिला. पाणी आणि शेती हे राज्यघटनेनुसार राज्यसूचीतले विषय आहेत, पण धूर राज्याची सीमा पाळत नाही. पंजाबने वाचवलेल्या पाण्याची काही किंमत दिल्लीतली फुप्फुसे मोजतात आणि त्या फुप्फुसांच्या मालकांना पंजाब विधानसभेसाठी मत नाही.

मग कायदा रद्द करावा का? माझ्या मते नाही. त्याने थोडा अवधी मिळवून दिला, पण त्या अवधीत करायची कामे मागे राहिली. पीआर १२६ सारखे कमी दिवसांचे भाताचे वाण तारखेचा ताण हलका करतात. २०१८ मध्ये पंजाबनेच सुरू केलेल्या 'पानी बचाओ, पैसे कमाओ' योजनेत ठरलेल्या कोट्यातून वाचवलेल्या प्रत्येक युनिटचे पैसे शेतकऱ्याला मिळतात. म्हणजे त्याचे उत्पन्न न बुडवता विजेला किंमत देता येते. तारखेच्या कायद्याला अशा उपायांची जोड हवी.

स्वाध्याय : तुमच्या राज्यातील पाणी, वीज किंवा खनिजांविषयीचा एक कायदा निवडा आणि सुरुवातीचे तीन प्रश्न त्याला लावा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कलमांत सापडणार नाही. ते शेतात, खाणीत किंवा वीजबिलात शोधा.