झाशीची राणी : चरित्र आणि कुलवृत्तान्त

मराठीत कुलवृत्तान्ताची परंपरा समृद्ध असली तरी तिची घडण पुरुषवंशाची आहे. कन्येची नोंद माहेरच्या शाखेवर संपते आणि सासरच्या वंशवृक्षावर ती कोणाची तरी पत्नी म्हणून, बहुधा बदललेल्या नावाने अवतरते. मणिकर्णिका तांबे यांच्या लक्ष्मीबाई नेवाळकर झाल्या, त्या याच रीतीने. त्यांच्या चरित्रकारांसमोरील खरी अडचणही येथेच सुरू होते. नेवाळकरांचा वंश रत्नागिरीकडील कोट गावापासून खानदेशातील पारोळे आणि झाशीपर्यंत शाखांसह मांडता येतो. राणीच्या मातोश्री भागीरथीबाई यांच्याविषयी मात्र, मुलीच्या बालपणीच त्या निवर्तल्या, याहून फारसे काही चरित्रग्रंथांत आढळत नाही.

ही विषमता केवळ योगायोगाची नव्हे. गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, वासुदेवराव नेवाळकर यांचा पुत्र आनंदराव यास दत्तक घेतले, तेव्हा वंशावळ हाच राज्याच्या हक्काचा पुरावा ठरला. डलहौसीने दत्तकाचा वारसा नाकारला आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. वारशाच्या वादाने पुरुषांची नावे दप्तरांत जपली. ज्या नात्यांवर कोणताही हक्क उभा राहत नव्हता, ती नाती कागदावर आली नाहीत.

दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे १८९४ मधील चरित्र हा या विषयावरील मराठीतील पायाभूत ग्रंथ होय. परंतु त्याचा हेतू राणीची बाजू न्याय्य ठरविण्याचा आहे, हे वाचकाने विसरू नये. त्यांनी दिलेली १९ नोव्हेंबर १८३५ ही जन्मतिथी स्वीकारली, तर १८४२ मधील विवाहसमयी राणी सातव्या वर्षात होत्या आणि वैधव्य आले ते अठराव्या वर्षी. १८२८ हे दुसरे प्रचलित वर्ष मानल्यास खालशाला आव्हान देणारी स्त्री पंचविशीची ठरते. १८५४ मध्ये त्यांना ओझरते पाहणाऱ्या जॉन लँग या वकिलानेही त्यांचे वय सुमारे सव्वीस-सत्तावीस असल्याचे नोंदविले आहे. प्रश्न केवळ सनावळीचा नाही. नानासाहेब १८२७ मध्ये बाजीरावांना दत्तक गेले होते. जन्म १८३५ चा धरल्यास ब्रह्मावर्तातील बरोबरीच्या सवंगड्यांचे लोकप्रिय चित्र डळमळते. तिथी आणि आख्यायिका दोन्ही शेजारी ठेवून त्यांतील विसंगतीकडे काणाडोळा करणे, ही पुढील अनेक चरित्रांची उणीव आहे.

वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे मोल येथे वेगळे ठरते. गोडसे कुटुंबातील नव्हते. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेले ते भिक्षुक होते. झाशीच्या वेढ्यात ते शहरात अडकले आणि पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानलेली राणी त्यांना भेटली. वंशवृक्षात न मावणारी स्त्री या प्रसंगात दिसते. चिंतामण विनायक वैद्य यांनी हे लेखन १९०७ साली फेरफार करून छापले. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून संपादन केले, तेव्हा साक्षीदाराचा स्वतःचा आवाज वाचकांपर्यंत पोहोचला.

महाश्वेता देवी यांच्या १९५६ च्या बंगाली चरित्राने तिसरी वाट धरली. राणीच्या सावत्र बंधूंचे पुत्र गोविंद चिंतामण तांबे यांच्याकडील माहिती आणि बुंदेलखंडातील लोकस्मृती यांना त्यांनी कागदपत्रांच्या शेजारी बसविले. घरातील आठवण ही सरकारी दप्तराहून अधिक सत्य असते असे नाही; परंतु दप्तराने जे विचारलेच नाही, ते ती सांगू शकते.

म्हणून प्रत्येक वंशावळ वाचताना ती कोणी, कोणत्या हक्कासाठी सिद्ध केली, हे पाहणे चरित्रकाराचे पहिले कर्तव्य ठरते. भागीरथीबाईंची जागा कल्पनेने भरून काढण्यापेक्षा ती रिकामी आहे हे दाखवून देणे, हेच राणीच्या चरित्राशी अधिक प्रामाणिक होय.