नकाशासाठी सोपं सॉफ्टवेअर कोणतं? पालघरच्या आठ तालुक्यांवर घेतलेली परीक्षा

‘आमच्याकडे गावांची, तालुक्यांची माहिती एक्सेलमध्ये आहे. ती नकाशावर दाखवायची आहे. जीआयएस शिकायला वेळ नाही. एखादं सोपं सॉफ्टवेअर सांग ना.’

सामाजिक संस्थांमधले मित्र, एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी, अधूनमधून एखादा पत्रकार, सगळे मला हाच प्रश्न विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. माझी तक्रार आहे ती त्याला इंटरनेटवर मिळणाऱ्या उत्तरांबद्दल. ‘दहा मोफत मॅपिंग टूल्स’ छापाच्या याद्यांमध्ये सोपेपणा मोजतात तो क्लिकमध्ये. किती मिनिटांत नकाशा तयार झाला, अकाउंट लागतं का, रंग छान आहेत का. नकाशा खरं बोलतोय का, हा निकष यादीत नसतोच. माणसांची माहिती दाखवताना हा निकष सोडून चालत नाही, कारण त्या नकाशाकडे बघून कुणीतरी ठरवतं की आश्रमशाळा कुठे हवी, फिरता दवाखाना कुठे जावा.

म्हणून आज वेगळ्या पद्धतीने तुलना करू. एक छोटा, खरा तक्ता घेऊ आणि तो प्रत्येक सॉफ्टवेअरला देऊ.

पेपर: आठ ओळींचा तक्ता

२०११ च्या जनगणनेतले आज पालघर जिल्ह्यात असलेले आठ तालुके, त्यांची एकूण लोकसंख्या आणि त्यातली अनुसूचित जमातींची लोकसंख्या. आकडे जवळच्या हजारात आणि पूर्ण टक्क्यात देतेय.

वसई: १३.४३ लाखांपैकी ९८ हजार, म्हणजे ७ टक्के.
पालघर: ५.५० लाखांपैकी १.६८ लाख, ३१ टक्के.
डहाणू: ४.०२ लाखांपैकी २.७८ लाख, ६९ टक्के.
वाडा: १.७८ लाखांपैकी १.०२ लाख, ५७ टक्के.
तलासरी: १.५५ लाखांपैकी १.४० लाख, ९१ टक्के.
जव्हार: १.४० लाखांपैकी १.२८ लाख, ९२ टक्के.
विक्रमगड: १.३८ लाखांपैकी १.२६ लाख, ९२ टक्के.
मोखाडा: ८३ हजारांपैकी ७७ हजार, ९२ टक्के.

एवढंच. आठ ओळी. यात काय चुकणार, असं वाटतं ना? बघू.

पहिला प्रश्न: संख्या की टक्के?

आकड्यानुसार फिकट-गडद छटा भरलेल्या नकाशाला कोरोप्लेथ म्हणतात. बहुतेकांना हवा असतो तो हाच. आता वरच्या तक्त्यातला आदिवासींच्या संख्येचा रकाना निवडा आणि छटा भरा. डहाणू सगळ्यांत गडद, त्याखालोखाल पालघर. आणि सगळ्यांत फिकट कोण? मोखाडा. ज्या तालुक्यात शंभरातले ९२ लोक आदिवासी आहेत तो, ज्या वसईत सातच आहेत तिच्यापेक्षाही फिकट. मोखाड्याची एकूण वस्तीच कमी, त्यामुळे संख्या कमी. पण बघणाऱ्याच्या डोक्यात ‘फिकट म्हणजे इथे आदिवासी कमी’ एवढंच राहणार.

म्हणून पाठ्यपुस्तकं सांगतात की छटांसाठी टक्के किंवा प्रमाण वापरा. बरोबर आहे. पण इथे थांबलो तर दुसऱ्या बाजूने गडबड होते. टक्क्यांच्या नकाशात वसई जवळजवळ पांढरी दिसते. प्रत्यक्षात वसईत ९८ हजार आदिवासी राहतात, मोखाड्यापेक्षा जास्त. वसतिगृहाच्या जागा किंवा जातीच्या दाखल्यांची शिबिरं ठरवायची असतील तर टक्के बघणारा माणूस या ९८ हजारांना विसरून जाईल.

दोन्ही नकाशे खरे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. चांगला मार्ग असा: टक्के छटेने दाखवायचे आणि संख्या वर्तुळाच्या आकाराने. मग मोखाडा गडद पण लहान वर्तुळाचा दिसतो, वसई फिकट पण त्याहून मोठ्या वर्तुळाची. सॉफ्टवेअर निवडताना माझा पहिला निकष हा: हे दोन्ही एकत्र, निदान शेजारी शेजारी, दाखवता येतं का?

दुसरा प्रश्न: गट कोण पाडतं?

टक्क्यांचे गट पाडायच्या बऱ्याच पद्धती आहेत. समान अंतराने पाडा, किंवा प्रत्येक गटात समान तालुके येतील असे पाडा, किंवा आकड्यांमधली नैसर्गिक दरी बघून पाडा. ऐकायला तांत्रिक वाटतं, पण आपल्या आठ ओळींवर करून बघा. ‘प्रत्येक गटात समान तालुके’ ही पद्धत घेऊन चार गट पाडले, तर वसई (७) आणि पालघर (३१) एकाच रंगात येतात. उलट तलासरी-जव्हार एका रंगात आणि विक्रमगड-मोखाडा दुसऱ्या रंगात. म्हणजे २४ टक्क्यांची दरी गायब आणि एखाद्या टक्क्याचा फरक ठळक! समान अंतराचे पाच गट पाडले तर शेवटचे चारही तालुके एकत्र येतात आणि बाकीचे आपापल्या जागी बसतात. तक्ता तोच आहे, फक्त एका ड्रॉपडाउनमधली निवड बदलली.

म्हणून दुसरा निकष: सॉफ्टवेअर ही निवड माझ्यासमोर ठेवतं की परस्पर करून टाकतं? ‘सोपं’ म्हणून ज्यांचं कौतुक होतं, त्यांच्यातली बरीच ही निवड लपवूनच सोपी झालेली असतात.

तिसरा प्रश्न: सीमा कधीच्या?

इथे सगळ्यांत जास्त पाणी मुरतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत, आज ३६. जनगणनेचा जिल्हावार तक्ता आजच्या सीमांच्या फाइलला जोडला की पालघरपुढे आकडाच नसतो. त्याहून वाईट म्हणजे ठाण्याच्या आजच्या लहान आकारावर जुन्या अख्ख्या ठाण्याचे १ कोटी १० लाख लोक बसतात. नकाशा दिसायला सुंदर. अर्थ चुकीचा.

आणि सीमा बदलल्या की गोष्टच बदलते. जुन्या ठाणे जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. त्याच आकड्यांचे आजच्या सीमांनुसार दोन भाग केले तर पालघरमध्ये सुमारे ३७ टक्के आणि उरलेल्या ठाण्यात सुमारे ५ टक्के. त्या दोन्हींत जव्हार-मोखाड्याचे ९२ टक्के कुठेच दिसत नाहीत, कारण पालघर जिल्ह्याची ४५ टक्के लोकसंख्या एकट्या वसई तालुक्यात आहे. भूगोलात याला क्षेत्रीय एककाची समस्या म्हणतात. साध्या भाषेत: रेघ कुठे मारली यावर सरासरी ठरते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू राज्यभर गाजले. तेव्हा हा भाग मुंबईला खेटून असलेल्या, शहरांनी भरलेल्या ठाणे जिल्ह्यात मोजला जात होता. जिल्ह्याच्या सरासरीने काय झाकलं जातं, याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

तिसरा निकष म्हणून असा: माझ्या पसंतीची, माझ्या वर्षाची सीमा-फाइल आत घालता येते का, आणि न जुळलेल्या ओळी सॉफ्टवेअर दाखवतं का?

आता निकाल

*गुगल माय मॅप्स.* सगळ्यांत ओळखीचं आणि खरोखर सोपं. एका लेयरमध्ये २,००० ओळी, एकूण १० लेयर. पण त्याचा स्वभाव पिनांचा आहे. प्रत्येक ओळीला एक पिन. एक्सेलमधला तक्ता तालुक्यांच्या सीमांना जोडून देण्याची सोय त्यात नाही. अंगणवाड्या, पाणवठे, दवाखाने दाखवायला उत्तम. आपल्या पेपरात मात्र नापास.

*डेटारॅपर.* वृत्तपत्रांच्या कामासाठी जर्मनीत तयार झालेलं, ब्राउझरमध्ये चालणारं. तक्ता चिकटवायचा, नावं किंवा कोड जुळवायचे. न जुळलेली नावं ते समोर ठेवतं, ही मला त्याची सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. गट कसे पाडायचे ते विचारतं. छटांचा नकाशा आणि वर्तुळांचा नकाशा हे मात्र दोन वेगळे प्रकार आहेत, त्यामुळे दोन नकाशे करून शेजारी ठेवावे लागतात. तेही चालतं. पहिल्यांदा नकाशा करणाऱ्याला मी हेच सुचवते. एक लक्षात ठेवा: माहिती त्यांच्या सर्व्हरवर जाते.

*क्यूजीआयएस.* मोफत, मुक्त स्रोत, आपल्या संगणकावर चालणारं. तिन्ही निकषांवर पास: छटा आणि वर्तुळं एकाच नकाशावर, गट पाडायच्या सगळ्या पद्धती, हवी ती सीमा-फाइल. पण हुशार विद्यार्थ्यासारखी त्याची एक खोड आहे. तक्ता जोडताना ज्या तालुक्याची ओळ जुळली नाही, तो छटांच्या नकाशात काढलाच जात नाही. रंगही नाही, रेघही नाही. नकाशात भोक पडतं. नवख्या माणसाला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. उपाय सोपा आहे: खाली सीमांचा एक साधा करडा लेयर ठेवा, म्हणजे ‘माहिती नाही’ हे माहिती नसल्यासारखंच दिसेल.

*जिओडा.* संशोधकांसाठीचं, मोफत. गट पाडण्याच्या पद्धती बदलून नकाशे पटापट ताडून बघायला छान. शोधायला वापरा, छापायला नको.

यात आणखी एक नाव असतं: गुगल फ्यूजन टेबल्स. एकेकाळी कितीतरी संस्थांचे आणि वृत्तपत्रांचे नकाशे त्यावर होते. ३ डिसेंबर २०१९ रोजी ते बंद झालं. ज्यांच्याकडे मूळ तक्ता आणि सीमा-फाइल होती त्यांनी नकाशे दुसरीकडे पुन्हा केले. ज्यांच्याकडे फक्त लिंक होती, त्यांच्याकडे काही उरलं नाही.

अडतं ते इथे

खरं सांगायचं तर बहुतेकांचं काम नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये अडतच नाही. ते अडतं एक्सेलमध्ये. तीन गोष्टी पाळा.

एक, नावावरून जोडू नका, कोडवरून जोडा. वाडा हे नाव रोमन लिपीत कुणी ‘व्ही’ने लिहितं, कुणी ‘डब्ल्यू’ने. संगणकाला ते दोन तालुके वाटतात.

दोन, जनगणनेतले तालुक्यांचे कोड पाच आकडी आहेत आणि शून्याने सुरू होतात. एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं. कोडचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. आणि जनगणनेचे कोड आणि पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीचे कोड वेगळे असतात, ते एकमेकांत मिसळू नका.

तीन, मराठी नावं असतील तर फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणूनच सेव्ह करा. साध्या सीएसव्हीमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

आणि पिनांबद्दल

आतापर्यंत जनगणनेचे आकडे होते, म्हणजे आधीच एकत्र केलेले. पण संस्था स्वतः घरोघरी सर्व्हे करतात तेव्हा प्रत्येक घराचं ठिकाण मोबाइलमध्ये नोंदलेलं असतं. ते पिनांनी दाखवणं हे सगळ्यांत सोपं काम आहे आणि सगळ्यांत धोक्याचंही. एकट्या राहणाऱ्या बायकांची घरं, क्षयरोगाचे रुग्ण, पारध्यांचा पाल कुठे पडलाय हे सगळं लिंक असलेल्या कुणालाही दिसतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून १९५२ साली गेला; संशय अजून गेलेला नाही. अशा वस्तीचा अचूक नकाशा कुणाच्या हातात पडेल हे आपण ठरवू शकत नाही.

म्हणून माझा साधा नियम: घराची पिन कधीच प्रकाशित करायची नाही. पाडा किंवा गाव या पातळीवर आकडे एकत्र करायचे, आणि एखाद्या ठिकाणी दहापेक्षा कमी घरं असतील तर तो आकडा शेजारच्या वस्तीत मिळवायचा. नकाशा थोडा ढोबळ होतो. होऊ दे. आणि छापण्याआधी तो त्या वस्तीतल्या लोकांना दाखवायचा. कुठला पाडा राहिला, कुठलं नाव चुकलं, काय दाखवू नये, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मग वापरायचं काय?

ठिकाणं दाखवायची असतील तर माय मॅप्स. जिल्हे-तालुक्यांचे छटांचे नकाशे एकदाच, लवकर हवे असतील तर डेटारॅपर. हेच काम दरवर्षी करायचं असेल, किंवा माहिती संवेदनशील असेल आणि बाहेर जायला नको असेल, तर क्यूजीआयएस, आणि त्यासाठी दोन शनिवार-रविवार काढा. त्यापेक्षा जास्त लागत नाहीत.

कुठलंही घेतलं तरी तीन फाइली स्वतःकडे ठेवा: तक्ता, सीमा आणि ‘काय, कसं केलं’ लिहिलेला अर्ध्या पानाचा कागद. २०२७ च्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा पालघर त्यात पहिल्यांदाच स्वतंत्र जिल्हा म्हणून असेल. २०११ शी तुलना करायची तर जुन्या तक्त्यातले हे आठ तालुके कुणालातरी हाताने बेरजेत घ्यावे लागतील. ज्याच्याकडे त्या आठ ओळी जपून ठेवलेल्या असतील, त्याचं काम दहा मिनिटांत होईल.