पंकचा आप्त कोण?

आजच्या विषयात 'पंक' हा शब्द पाहून काही जणांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने या गोंगाटाच्या वाटेला कशाला जायचं? आपल्या भाषेत पंक म्हणजे चिखल, हेही एकाने हसत हसत सुनावलं. उत्तर साधं आहे. रॉक संगीत आम्ही पन्नासहून अधिक वर्षं ऐकतो आहोत, आणि त्यावरची पुस्तकं वाचताना ज्ञानमीमांसेतला एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. जे आपण पाहिलं नाही, त्याबद्दल कोणाचा शब्द प्रमाण मानायचा?

आम्हा भारतातल्या श्रोत्यांची तर या प्रश्नातून सुटका नाही. सत्तरच्या दशकात परदेशी तबकड्या इथे सहज मिळत नसत. त्यामुळे पंक आम्ही आधी वाचलं आणि ऐकलं बरंच नंतर. म्हणून या पुस्तकांचा हिशेब मागण्याचा थोडा हक्क आमच्यासारख्यांना आहे, असं आम्ही समजतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्कच्या बावरी भागात १९७३च्या डिसेंबरात सीबीजीबी नावाचा बार सुरू झाला. तिथे वाजवणाऱ्या रमोन्सची पहिली तबकडी १९७६च्या एप्रिलमध्ये आली. चौदा गाणी, आणि अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपलेलं. लंडनमध्ये सेक्स पिस्टल्सचा पहिला कार्यक्रम नोव्हेंबर १९७५मधला. जानेवारी १९७८मध्ये त्यांचा खेळ संपलासुद्धा. म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षं. गाणी तासाभराची आणि पुस्तकं कपाटभर!

आता पाहा. ४ जून १९७६ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. श्रोते होते काही डझन. पण 'आम्ही तिथे होतो' असं पुढे सांगणाऱ्यांची संख्या त्या सभागृहात मावणार नाही इतकी झाली. डेव्हिड नोलन या पत्रकाराने या एका संध्याकाळीवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि खरोखर कोण होतं याचा शोध घेतला. गंमत वाटते, पण मुद्दा गंभीर आहे. पंकच्या इतिहासात 'मी तिथे होतो' हे वाक्य पुराव्यासारखं वापरलं जातं.

आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला वस्तू जशी आहे तशी कळली आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनांनी यात एक फार मोकळी गोष्ट सांगितली आहे. हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखंच लागू पडतं. कूळ, पद, प्रतिष्ठा यांचा संबंध नाही. तीन तार छेडता येणाऱ्या कोणालाही मंचावर जागा देणाऱ्या पंकला हे आवडलं असतं!

मग या कसोटीवर पुस्तकं उतरतात का?

पहिलं पुस्तक 'प्लीज किल मी', १९९६चं. लेग्ज मॅकनील आणि जिलियन मकेन यांनी न्यूयॉर्कच्या मंडळींच्या मुलाखतींचे तुकडे एकापुढे एक जोडले आहेत. मध्ये निवेदक नाही. वाचायला बसलं की हातातून सुटत नाही, हे कबूल. पण निवेदक दिसत नाही म्हणजे तो नाही, असं थोडंच आहे? कोणाचं वाक्य ठेवायचं आणि कोणाचं गाळायचं हे कोणीतरी ठरवतंच. आणि मॅकनील स्वतः 'पंक' या मासिकाच्या संस्थापकांपैकी एक. घरचाच माणूस घरची गोष्ट सांगतो आहे.

दुसरं टोक ग्रील मार्कस यांचं. 'लिपस्टिक ट्रेसेस' हे १९८९चं पुस्तक पिस्टल्सचं नातं थेट दादावाद्यांशी आणि पॅरिसच्या सिच्युएशनिस्टांशी जोडतं. झेप थक्क करणारी आहे. पण वाचता वाचता असं वाटू लागतं, की लंडनच्या त्या पोरांना नोकऱ्या नव्हत्या, ही साधी गोष्ट मागे पडते आहे. ही उणीव जॉन सॅव्हेज यांच्या 'इंग्लंड्स ड्रीमिंग'मध्ये नाही. त्या काळातलं इंग्लंड, त्याची कुरकुर, त्याचं राजकारण, सगळं त्यात आहे. कोणी एकच पुस्तक विचारलं, तर आम्ही हेच सांगू.

पण आमचा खरा वाद आहे तो डिक हेब्डिज यांच्याशी. त्यांचं 'सबकल्चर' १९७९चं, आणि विद्यापीठांतून सर्वांत जास्त शिकवलं गेलेलं. पंकची शैली ही चिन्हांची भाषा आहे, असं ते सांगतात. सेफ्टी पिन, कुत्र्याचा पट्टा, फाटका शर्ट. आणि नाझींचं स्वस्तिक. १९७६मध्ये सूझी सूने ते दंडावर बांधलं, सिड व्हिशसने अंगावर मिरवलं. हेब्डिज म्हणतात, त्यात नाझी विचार नव्हता. लोकांना धक्का बसावा एवढ्यासाठीच ते घातलं, त्याचा मूळ अर्थ रिकामा करून टाकला.

आता, चिन्हाचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या उंबऱ्यावर रांगोळीत स्वस्तिक असतं, आणि ते पाहून युरोपातला पाहुणा दचकतो. पण यातून निघतं ते नेमकं उलट. अर्थ काढणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो, पाहणाऱ्याचाही त्यावर हक्क असतो. पाहुण्याला आपण समजावून सांगतो, कारण त्याचं दचकणं खोटं नाही, हे आपण जाणतो. मग आमचा प्रश्न असा, की अर्थ रिकामा झाला, तो कोणासाठी?

त्या वर्षांत लंडनच्या रस्त्यांवर काय चाललं होतं? जून १९७६मध्ये साउथॉलला गुरदीप सिंग चग्गर या तरुणाचा भररस्त्यात खून झाला. १९७७च्या लंडनच्या निवडणुकीत नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाला एक लाखाहून अधिक मतं पडली. २३ एप्रिल १९७९ला त्याच पक्षाच्या साउथॉलमधल्या सभेविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, आणि त्या निदर्शनात ब्लेअर पीच या शिक्षकाचा डोक्याला मार लागून मृत्यू झाला. फूटपाथवरून घरी निघालेल्या पंजाबी किंवा बंगाली माणसाला ते चिन्ह दिसलं, तर ते 'रिकामं' आहे हे त्याने कशावरून ओळखायचं?

हेब्डिज यांना वंशाचा प्रश्न कळत नव्हता, असं मुळीच नाही. गोऱ्या पोरांच्या शैलीमागे वेस्ट इंडियन स्थलांतरितांची सावली आहे, हे त्यांचंच मोलाचं सांगणं. रॉक्सी क्लबात डॉन लेट्स पंकच्या पोरांना रेगे ऐकवत होता, क्लॅशने रेगे गाणी उचलली, हे खरंच आहे. पण त्या मानाने आशियाई माणूस या पुस्तकात फारच थोडा दिसतो. मुलीही तशाच. अँजेला मॅकरॉबी यांनी ते १९८०मध्येच दाखवून दिलं होतं. व्हिव्ह अल्बर्टीन यांचं २०१४चं आत्मकथन वाचलं, की ती उणीव किती मोठी होती ते कळतं. त्या 'स्लिट्स'च्या गिटारवादक. मोठेपणी, काही येत नसताना गिटार हातात घेणाऱ्या मुलीला काय सोसावं लागतं, ते त्या शोभा न आणता सांगतात.

पंकला बदनाम करण्याचा आमचा हेतू नाही. ३० एप्रिल १९७८ला ट्रफाल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत वर्णद्वेषाविरुद्ध जो प्रचंड मोर्चा गेला, त्याच्या शेवटी क्लॅश आणि एक्स-रे स्पेक्स वाजवत होते. एक्स-रे स्पेक्सच्या गायिका पॉली स्टायरीन यांचे वडील सोमाली. पुढच्याच वर्षी दक्षिण लंडनमध्ये 'एलियन कल्चर' नावाचा बँड निघाला. तीन पोरं पाकिस्तानी घरांतली, एक गोरा. 'वेगळ्या संस्कृती'च्या लोकांची धास्ती बोलून दाखवणाऱ्या थॅचरबाईंच्या वक्तव्यावरून त्यांनी हे नाव उचललं होतं. म्हणजे फूटपाथवरचा माणूस मंचावरही चढला होता. कपाटभर पुस्तकांत त्याला मिळाल्या असतील त्या दोन-चार ओळी.

शेवटी लेस्टर बँग्ज. अमेरिकेतला हा समीक्षक १९८२ला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याने १९७९मध्ये 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये न्यूयॉर्कच्या पंक मंडळींच्या वर्णद्वेषावर एक लेख लिहिला. आपलीच माणसं, आपलाच अड्डा. तरी त्याने ज्यांना शब्द लागले होते त्यांच्याकडे जाऊन विचारलं, आणि आपण स्वतः काय बरळलो होतो तेही लपवलं नाही. तोही तिथे होताच. पण त्याचा शब्द आम्ही प्रमाण मानतो तो त्यासाठी नव्हे. आपण जिथे उभे होतो तिथून जे दिसत नव्हतं, ते दुसऱ्याला विचारून घेतलं, म्हणून तो आप्त.

तेव्हा यापुढे संगीतावरचं कोणतंही पुस्तक हाती घ्याल, तर लेखक तिथे होता का, एवढ्यावर थांबू नका. सभागृहाच्या दाराबाहेर कोण उभं होतं, आणि त्याला कोणी विचारलं का, हेही पाहा. हा प्रश्न आपल्याकडच्या घराण्यांच्या आणि मैफलींच्या आठवणींनाही विचारता येईल. तो तुमच्यावर सोपवून आम्ही थांबतो.