‘तो असता तर…’ : ‘डार्क’ पुन्हा बघताना

(आधीच सांगते: या लेखात ‘डार्क’चा शेवट आहे. बघायची असेल तर आधी बघून या. २६ भाग आहेत, मी थांबते.)

आमच्या घरात ‘तर’ हा शब्द जपून वापरतात.

माझ्या आधी आईबाबांना एक मुलगा झाला होता. सव्वा वर्षाचा असताना तो तापाने गेला. १९९५चा पावसाळा होता. ओढ्याला पाणी आलं होतं, मुक्कामाची एसटी सकाळीच निघणार होती आणि गावातली एकुलती एक जीप त्या रात्री परगावी गेली होती. आजी शेवटपर्यंत म्हणायची, “त्या रात्री जीप असती तर…” वाक्य तिथेच थांबायचं. पुढचं वाक्य मला बाराव्या वर्षी कळलं, तेही चुकून. आत्या स्वयंपाकघरात कुणाला तरी सांगत होती, “तो असता तर यांनी दुसरं होऊच दिलं नसतं. एकावर थांबायचं ठरलं होतं.”

दुसरं म्हणजे मी.

त्यामुळे भूतकाळात जाऊन घरातली एक चूक दुरुस्त करण्याची कुठलीही गोष्ट मी जरा वेगळ्या धास्तीने बघते. बाकीचे विचारतात, हिरोला जमेल का? मी विचारते, जमलं तर कोण पुसलं जाईल?

‘डार्क’ ही नेटफ्लिक्सची पहिली जर्मन मालिका. बारान बो ओडार आणि यांट्ये फ्रीझ या जोडीने ती बनवली. पहिला सीझन १ डिसेंबर २०१७ला आला, दुसरा २१ जून २०१९ला आणि तिसरा २७ जून २०२०ला. मालिकेत जगबुडीची जी तारीख दिली आहे, नेमकी तीच. आपण सगळे तेव्हा घरात कोंडलेले होतो. मीही पुण्याची रूम बंद करून गावी आले होते. दिवसा वर्क फ्रॉम होम, रात्री गच्चीवर रेंज पकडून फोनवर ‘डार्क’. वहीच्या मागच्या पानावर मी चार घराण्यांची वंशावळ काढली होती आणि ती दर दोन भागांनी खोडावी लागत होती.

गोष्ट विंडन नावाच्या काल्पनिक जर्मन गावातली. जंगल, गुहा आणि गावाच्या डोक्यावर अणुऊर्जा प्रकल्प. २०१९ साली मिकेल नावाचा अकरा वर्षांचा मुलगा नाहीसा होतो. तो हरवलेला नसतो, १९८६ सालात गेलेला असतो. तिथे एक नर्स त्याला वाढवते. मोठा होऊन तो मायकेल होतो, हाना नावाच्या बाईशी लग्न करतो आणि त्यांना मुलगा होतो, योनास. हा योनास २०१९मध्ये मिकेलच्या बहिणीच्या, मार्थाच्या, प्रेमात आहे. म्हणजे स्वतःच्या आत्याच्या. मिकेलला परत आणलं तर त्याच्या आईबापांना मुलगा मिळतो, पण मग योनास जन्मतच नाही.

मालिकेतलं कोडं इथून सुरू होतं, असं लोक म्हणतात. मला वाटतं, यातली खरी कौटुंबिक गोष्ट इथून सुरू होते. कारण हा पेच टाइम मशीनशिवायही असतो. प्रत्येक घरात कुणीतरी कुणाच्या तरी न होण्यामुळे झालेलं असतं. मोडलेलं लग्न, विकलेली जमीन, हुकलेली नोकरी. आजोबांना मुंबईच्या गिरणीत काम मिळालं असतं तर आजी दुसरीच कुणी असती. आपण ‘ते तसं व्हायला नको होतं’ म्हणतो, तेव्हा त्या वाक्याच्या शेपटीला स्वतःचं नाव बांधलेलं असतं. ते आपण बघत नाही, इतकंच.

मराठी वाचकाला बदललेल्या इतिहासाची सवय आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवा. विश्वासरावांना लागलेली गोळी हुकते आणि पुढचा सगळा इतिहास वेगळा होतो. पानिपत जिंकावं असं आपल्याला वाटतं, कारण १७६१ आपल्यापासून लांब आहे. तिथे कोण जगलं-मेलं याचा हिशेब आपल्या ताटापर्यंत येत नाही. देशाचा भूतकाळ बदलणं स्वप्नात फार स्वस्त असतं. घराचा भूतकाळ बदलायचा म्हटलं की जेवायला बसलेल्या माणसांपैकी कुणाला उठवायचं, हे ठरवावं लागतं.

‘डार्क’चे पहिले दोन सीझन हा हिशेब फार कठोरपणे मांडतात. मिकेलचा बाप उलरिक पोलीस आहे. त्याचा धाकटा भाऊ १९८६मध्ये गायब झाला होता, आता मुलगा गेला. त्याला गुन्हेगार हवा आहे. तो थेट १९५३मध्ये पोहोचतो आणि पुढे या सगळ्यात सामील होणाऱ्या माणसाला, हेल्गेला, तो लहान पोर असतानाच दगडाने ठेचतो. पोर मरत नाही. फक्त चेहऱ्यावर आणि मनावर कायमचा व्रण घेऊन वाढतं आणि कदाचित त्यामुळेच पुढे तसं होतं. उलरिक पकडला जातो आणि उरलेलं आयुष्य वेड्यांच्या इस्पितळात काढतो. आपल्या मुलासाठी निघालेला बाप दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्यात दगड घालतो, हे बघताना मी फोन खाली ठेवला होता.

दुसऱ्या सीझनचा सहावा भाग तर या मालिकेचा कळस आहे. योनासच्या वडिलांनी जून २०१९मध्ये आत्महत्या केलेली असते. योनास आदल्या दिवसात जातो, त्यांना थांबवायला. बाप त्याच्याकडे बघत राहतो. त्याच्या मनात तसलं काही आलेलंच नसतं. मुलगा जे थांबवायला आला आहे, ते त्याला मुलाकडूनच कळतं. वर तो सांगतो, लहानपणी त्या रात्री मला गुहेपर्यंत घेऊन जाणारा तूच होतास. इथे कुठलेही स्पेशल इफेक्ट नाहीत. एक खोली, दोन माणसं. वाचवायला आलेला माणूसच कारण निघतो.

आमच्या कामात सिस्टिम कोसळली की नंतर ‘रूट कॉज अॅनालिसिस’ करतात. का पडली? अमुक सर्व्हर बंद पडला. तो का बंद पडला? असं पाच वेळा ‘का’ विचारत मुळापर्यंत जायचं. दोन वर्षं हे केल्यावर एक गोष्ट कळते. पाचव्या ‘का’ला आपण थांबतो ते मूळ सापडलं म्हणून नव्हे, मीटिंगची वेळ संपली म्हणून. सहावा ‘का’ नेहमीच असतो. चांगल्या टीममध्ये म्हणूनच अशा वेळी कुणाला दोषी धरत नाहीत. काय झालं ते मांडायचं आणि पुढे जायचं.

पहिले दोन सीझन याच जातीचे आहेत. तिथे मूळ कारण नाही. शार्लटची मुलगी एलिझाबेथ हीच शार्लटची आई आहे. प्रोग्रॅममध्ये ‘अ’ला ‘ब’ लागतो आणि ‘ब’ला ‘अ’ लागतो, असं झालं की आपला कोड चालतच नाही. विंडनमध्ये तो चालतो. आणि गंमत बाजूला ठेवली तर घरं अशीच चालतात. बाप असा का? आजोबा तसे होते म्हणून. आजोबा तसे का? चार पोरं आणि पडलेला पाऊस. पडलेला की न पडलेला, हेही आता कुणाला धड आठवत नाही.

म्हणून तिसऱ्या सीझनवर माझा राग आहे.

तिसऱ्या सीझनमध्ये मालिका मूळ कारण शोधून काढते. योनासचं जग आणि मार्थाचं दुसरं जग, ही दोन्ही मुळात एका तिसऱ्या जगाच्या फुटण्यातून तयार झालेली असतात. त्या मूळ जगात १९७१च्या एका पावसाळी रात्री टानहाउस या घड्याळजीचा मुलगा, सून आणि तान्ही नात गाडीच्या अपघातात जातात. त्यांना परत आणण्यासाठी तो १९८६मध्ये यंत्र बनवतो आणि जग दुभंगतं. म्हणजे त्या रात्रीची ती गाडी थांबवली की झालं. सगळी गाठ सुटते. योनास आणि मार्था जातात, रस्त्यात उभे राहतात, गाडी वळून घरी जाते. आणि ती दोघं, त्यांच्यासोबत निम्मं गाव, हवेत विरून जातात.

हे फार नीटनेटकं आहे. सोळा-अठरा तास ‘एक कारण नसतं’ म्हणून सांगितल्यावर शेवटी एक कारण हातात ठेवायचं, हा मला तडजोडीचा मार्ग वाटतो. त्यासाठी लागणारा पसारा उभा करताना माणसं पातळ होतात. दुसऱ्या जगातली मार्था बराच काळ योनासचं आरशातलं प्रतिबिंब म्हणूनच वावरते. तीन वयांत एकत्र फिरणारा, ओठावर व्रण असलेला तो माणूस तर वंशावळीतली रिकामी चौकट भरायला आणलेला वाटतो. पहिल्या सीझनमध्ये मला चेहरे लक्षात राहिले होते, तिसऱ्यात आकृत्या राहिल्या.

अपवाद एक, कातरीना. नवऱ्याला सोडवायला ती १९८७मध्ये जाते आणि तळ्याकाठी तिच्या स्वतःच्या आईच्या हातून मरते. आईला कळतही नाही की ही आपली मुलगी. या एका प्रसंगात सगळ्या आकृत्यांपेक्षा जास्त काही आहे. घरातली हिंसा पिढ्या ओलांडून कशी जाते, हे सांगायला टाइम मशीन कशाला लागतं ते इथे कळतं.

दुसऱ्यांदा बघताना मला आणखी एक गोष्ट दिसली. हा ‘फिक्स’ शोधतं कोण? क्लॉडिया. तिचा जीव तिच्या मुलीत, रेगीनात, अडकलेला आहे. आणि रेगीना त्या गाठीतून जन्मलेली नाही. मूळ जगातही ती असते. म्हणजे ज्या उपायाने योनास, मार्था, मिकेल, शार्लट, एलिझाबेथ सगळे पुसले जातात, त्यात क्लॉडियाची मुलगी वाचते. मालिका क्लॉडियाला जवळजवळ संत करून सोडते. मला ती कुठल्याही आईसारखी दिसली. आणि मग वाटलं, मालिकेने हेच ठसठशीतपणे म्हणायला हवं होतं. जगाला वाचवणारं गणितही शेवटी कुणाच्या तरी पोरीच्या बाजूने मांडलेलं असतं.

योनास आणि मार्थाला आपण बलिदानाबद्दल टाळ्या देतो. पण त्यांना स्वतःला चूक ठरवून घ्यावं लागतं. ‘आपण नसायला हवं होतं’ हे वाक्य मालिका शहाणपण म्हणून देते. हे वाक्य मी बाराव्या वर्षी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ऐकलं आहे. त्यात शहाणपण नाही. आत्या खोटं बोलत नव्हती, पण खरं असलेली प्रत्येक गोष्ट हिशेबात धरायची नसते.

इतकं म्हणूनही शेवटचा प्रसंग मला माफ करायला लावतो. मूळ जगात काही मित्र जेवायला जमले आहेत. रेगीना आहे, कातरीना आहे, हाना गरोदर आहे. टेबलाभोवती किती माणसं नाहीत, हे फक्त आपल्याला माहीत आहे. वादळात दिवे जातात. हानाची नजर एका पिवळ्या रेनकोटवर थबकते. योनासचा रेनकोट तसाच होता. आपण हे आधी कधीतरी पाहिलंय, असं तिला वाटतं. बाळाचं नाव काय ठेवणार, असं कुणीतरी विचारतं. ती म्हणते, योनास.

दोन्ही जगं पुसली, गणित शून्यावर आणलं, तरी बाकी एक नाव उरतं. मालिकेने अडीच सीझन जे सांगितलं होतं आणि शेवटी जे विसरली होती, ते या एका मिनिटात तिला आठवतं. घरातलं माणूस डिलीट होत नाही.

त्या जुलैत शेवटचा भाग संपवून मी खाली आले तेव्हा आई गवार मोडत बसली होती. “संपली का गं तुझी ती?” म्हणाली. मी तिच्याजवळ बसून शेवट सांगितला. तिला वंशावळीत रस नव्हता. तिने एवढंच विचारलं, “मग ती दोघं गेली कुठं?”

“कुठंच नाही. ती कधी नव्हतीच.”

“आणि त्या पोराच्या आईला आठवतं का?”

“नाही. फक्त नाव आठवतं. ते कुणाचं, ते नाही आठवत.”

आई बराच वेळ शेंगांच्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, “त्याचं नाव तुला माहितीये का?”

मला माहीत नव्हतं. तेवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मग तिने अर्धी गवार माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही दोघी मोडत बसलो.