शाप, कथा आणि श्रोता

कथेतील जादू म्हणजे भाबड्या वाचकांची करमणूक, असे मत समीक्षेत पुष्कळदा मांडले जाते. श्रद्धावंत घरांत तर तिच्याकडे संशयानेच पाहिले जाते. अशी पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत काय, असे येथे पनवेलीतही काही पालक विचारतात. ज्या कथेत जादू हे लेखन-वाचनाचेच रूपक झाले आहे, अशी एक कथा आपल्याच भूमीत, प्रतिष्ठानात म्हणजे आजच्या पैठणात घडते. ती गुणाढ्याची कथा. काश्मीरच्या सोमदेवाने 11 व्या शतकात राणी सूर्यमतीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागरा’च्या पहिल्याच लंबकात ती येते.

शिवाने पार्वतीला सांगितलेल्या कथा पुष्पदंत हा गण योगबळाने अदृश्य होऊन ऐकतो आणि शापित होतो. त्याची रदबदली करणारा माल्यवानही शाप ओढवून घेतो. उःशाप असा : पुष्पदंताने त्या कथा काणभूती या पिशाचाला सांगाव्यात, काणभूतीने माल्यवानाला, आणि माल्यवानाने जगाला. आमच्या मते हा शाप म्हणजे लेखकाचीच अवस्था होय. कथा ऐकली की तिचे ऋण होते, आणि ते ती पुढे दिल्यावाचून फिटत नाही.

माल्यवान हाच सातवाहन राजाचा मंत्री गुणाढ्य. एका पैजेत हरून तो संस्कृत, प्राकृत व देशभाषा तिन्ही त्यागतो. वनात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, पैशाची भाषेत, सात वर्षांत सात लक्ष श्लोक लिहितो. राजा ती भाषा आणि ते रक्त पाहून ग्रंथ झिडकारतो. मग गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागतो. पशू चारा विसरून साश्रू ऐकत राहतात. त्यांचे मांस शुष्क होऊन राजा आजारी पडतो, तेव्हा कोठे तो धावत येतो. तोवर सहा लक्ष श्लोक भस्म झालेले असतात.

येथे मंत्र कोठेच उच्चारला जात नाही. राजाने ग्रंथाचे बाह्यरूप पाहिले, पशूंनी कथा ऐकली. जादू घडली ती ऐकणाऱ्यांत. उरलेला एक लक्षाचा भागही, नरवाहनदत्ताची कथा, शिष्यांना विशेष प्रिय म्हणूनच वाचला. लेखक जाळावयास निघाला होता. वाचकांच्या प्रेमाने त्याचा हात अडविला.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील जादूगार शिमोन पैसे देऊन सामर्थ्य विकत घेऊ पाहतो. गुणाढ्य मात्र भाषा, रक्त, पाने, सारे देऊन टाकतो. त्याज्य जादू आणि कथेतील जादू यांतील भेद हाच होय. पालकांना आमचे सांगणे इतकेच, की पुस्तकात जादू आहे की नाही एवढेच न पाहता ती घेण्यास शिकविते की देण्यास, हे मुलांसोबत वाचून पाहावे. मूळ ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. उशिरा आलेल्या वाचकाची किंमत केवढी असते, हे त्यावरून समजावे.