फ्यूज कुठल्या बाजूला?

पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय देखणे आहे. निरवांगीहून सहल नेणाऱ्या शिक्षकाला तिथे विजेचा पाठही मिळतो. आपण तो अर्धाच शिकवतो. खेळातल्या गाडीला वीज रुळांतून मिळते. इंजिन घसरून धातूचे चाक दोन्ही रुळांना टेकले, की शॉर्टसर्किट. 'फ्यूज वितळेल,' आपण सांगतो. पण हिशेब करा : २३० व्होल्टचे १२ करणाऱ्या रोहित्राच्या दुय्यम कुंडलातून १० अँपिअर वाहिले, तरी घराच्या तारांतून जेमतेम अर्धा अँपिअर जादा जातो. घरचा ५ अँपिअरचा फ्यूज शाबूत राहतो, रोहित्र जळते! म्हणून २ अँपिअरच्या रोहित्राला दुय्यम बाजूसच २ अँपिअरचा फ्यूज हवा. हा हिशेब मुलांकडून सहलीआधीच करून घ्यावा.